आकाश आणि आकाश-2 : एकाच किमतीच्या दोन पिढ्या

कोणत्याही स्वस्त उपकरणाच्या जुन्या आणि नव्या पिढीची तुलना करताना एक अडचण हमखास येते. नवी पिढी सरस असते, पण बहुधा ती थोडी महागही झालेली असते, आणि मग त्या सरसपणात काळाचा वाटा किती आणि जास्तीच्या पैशांचा किती, याचा हिशेब लागत नाही. ‘आकाश’ या सरकारी टॅबलेटच्या बाबतीत मात्र हा हिशेब बऱ्यापैकी स्वच्छ लागतो. 5 ऑक्टोबर 2011 रोजी दिल्लीत जाहीर झालेल्या पहिल्या आकाशसाठी सरकार नगामागे सुमारे 2,250 रुपये मोजणार होते, आणि 11 नोव्हेंबर 2012 रोजी आलेल्या आकाश-2 साठी 2,263 रुपये. पुरवठादार तोच, खरेदीदार तोच, पडद्याचा आकारही तोच सात इंचांचा. मधे गेले ते फक्त तेरा महिने. त्यामुळे या दोन्हींत जो फरक दिसतो तो जवळजवळ सगळा त्या तेरा महिन्यांचा आहे, असे म्हणायला हरकत नाही.

मी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि या दोन्ही पिढ्या मी हाताळलेल्या आहेत. आजच्या मुलांना आकाशचे नाव सांगितले तर बहुतेकांना ते ठाऊक नसते, आणि ज्यांना ठाऊक असते त्यांना ‘तो फसलेला सरकारी टॅब’ एवढेच माहीत असते. फसला हे खरे, पण त्या एका वाक्यात दोन अगदी वेगळी उपकरणे एकाच दावणीला बांधली जातात. पहिले उपकरण वापरण्याजोगे नव्हते, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे वापरण्याजोगे होते, आणि ते आले तेव्हा ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत फारसे कोणी उरले नव्हते.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो, कारण नमनाला घडाभर तेल घालण्याची ही जागा नव्हे. स्वस्त संगणकाची स्वप्ने आपल्याकडे आकाशच्या आधीपासून पाहिली जात होती. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापकांचा सहभाग असलेला ‘सिम्प्युटर’ त्याच्या दशकभर आधी येऊन गेला होता. निकोलस नेग्रोपोंटे यांच्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपची योजना आपल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 मध्ये नाकारली होती. त्याच मंत्रालयाने पुढे माहिती-संचार तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले, आणि जुलै 2010 मध्ये तत्कालीन मंत्री कपिल सिब्बल यांनी 35 डॉलरच्या टॅबलेटचा नमुना पत्रकारांना दाखवला. काम राजस्थान आयआयटीकडे सोपवले गेले, एक लाख नगांची निविदा निघाली आणि ती डेटाविंड या कंपनीला मिळाली. कंपनीची मुळे कॅनडा-ब्रिटनमधली, जुळणी हैदराबादला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते : उपकरण काय करणार हे ठरण्याआधी त्याची किंमत ठरलेली होती. अभियंत्याला असा प्रश्न मिळाला की तो काहीतरी सोडून देत देतच उत्तरापर्यंत पोहोचतो. काय सोडले, हे पाहिले की पहिली पिढी समजते.

पहिल्या आकाशमध्ये 366 मेगाहर्ट्झचा कॉनेक्संटचा प्रोसेसर होता, 256 एमबी रॅम होती, 2 जीबी साठवण होती आणि अँड्रॉइडची 2.2 ही आवृत्ती होती. वजन 350 ग्रॅम. कॅमेरा नाही. गूगलचे अधिकृत अ‍ॅप-दुकान नाही, त्याऐवजी गेटजार नावाचे दुसरेच दुकान. हे आकडे आज कितीही केविलवाणे वाटले तरी कागदावर ते अशक्य नव्हते; त्या काळी लोकांच्या खिशातले साधे स्मार्टफोन याच पंक्तीतले होते. खरी गोची दोन ठिकाणी होती आणि त्या दोन्ही गोष्टी जाहिरातीच्या तक्त्यात फारशा उठून दिसत नव्हत्या. एक म्हणजे स्पर्शाचा पडदा आणि दुसरी म्हणजे देवनागरी.

पडद्यापासून सुरुवात करू. पहिल्या आकाशचा पडदा रेझिस्टिव्ह, म्हणजे रोधावर चालणारा होता. त्यात वीजवाहक लेप दिलेले दोन पातळ थर असतात आणि त्यांच्यामध्ये बारीक ठिपक्यांनी राखलेली फट असते. वरचा थर लवचीक प्लॅस्टिकचा. बोटाने दाबले की तो वाकून खालच्या थराला टेकतो, आणि जेथे टेकला तेथील विद्युतदाबावरून जागा ओळखली जाते. नखाने हलके दाबून पाहिले तर वरचा पापुद्रा किंचित आत जातो आणि त्याखालच्या चित्रावर क्षणभर एक ओलसर भासणारे वलय उमटते. प्रयोगशाळेत मुलांना हे दाखवले की रोध-पडद्याचा अर्धा पाठ तेथेच संपतो. या पडद्याचे गुण आहेत. तो स्वस्त असतो, नख, पेन, हातमोजा काहीही चालते, आणि बँकेच्या किंवा कारखान्याच्या यंत्रांवर तो वर्षानुवर्षे निमूटपणे काम करतो. पण साध्या रोध-पडद्याला दोन बोटे एकाच वेळी ओळखता येत नाहीत, आणि सरकवण्याच्या क्रियेला तो दाद देतो ती बोट सतत दाबून धरले तरच. अँड्रॉइडची सगळी मांडणी बोट अलगद फिरवण्यावर बेतलेली. त्यामुळे यादी वर सरकवायला जावे आणि तिच्यातली मधलीच एखादी नोंद उघडावी, असे व्हायला फारसे कारण लागत नाही. प्रोसेसर संथ आणि पडदाही असा, की आपली आज्ञा पोहोचली नाही की पोहोचून रखडली आहे, हे वापरणाऱ्याला कळू नये. पडदा आणि प्रोसेसर यांपैकी एकच वाईट असता तर माणसाने जुळवून घेतले असते.

आकाश-2 मध्ये हा पडदा बदलला. त्यात कपॅसिटिव्ह, म्हणजे धारितेवर चालणारा पडदा आला. काचेखालच्या वाहक जाळीतला विद्युतभार बोटामुळे बदलतो आणि जाळीच्या कोणकोणत्या छेदांवर तो बदलला यावरून एकाहून अधिक बोटांच्या जागा एकाच वेळी समजतात. दाबावे लागत नाही. दोन बोटांनी पान मोठे करता येते. सुधारणांच्या यादीत ही एका ओळीची नोंद असते, परंतु माझ्या मते दोन पिढ्यांमधला सर्वांत मोठा फरक हाच आहे. पहिल्याकडे परत जायला हात धजत नाही.

हा फरक किती मोलाचा, हे पाठ्यपुस्तक उघडल्यावर कळते. दोन्ही आकाशांच्या पडद्यावर 800 गुणिले 480 एवढेच ठिपके आहेत, म्हणजे इंचाला साधारण 133. टॅबलेट उभा धरून ए-4 आकाराचे पान रुंदीत पूर्ण बसवले तर साडेआठ इंचांहून थोडी कमी असलेली ती रुंदी 480 ठिपक्यांत मावावी लागते. मूळ पानाच्या एका इंचाच्या वाट्याला सुमारे 58 ठिपके येतात. बारा पॉइंटच्या अक्षराची सगळी उंची मग जेमतेम दहा ठिपक्यांत संपते. इंग्रजी अक्षर दहा ठिपक्यांत कसेबसे तग धरते. देवनागरीला त्याच दहा ठिपक्यांत वर वेलांटी-मात्रा, मधे शिरोरेषा आणि अक्षर, खाली उकार-ऋकार एवढे सगळे कुटुंब सामावून घ्यायचे असते. ‘दृष्टिकोन’ आणि ‘र्‍हस्व’ हे शब्द या आकारात वाचून दाखवा म्हटले तर अंदाजानेच वाचावे लागतील. म्हणजे पान मोठे करणे, सरकवणे, पुन्हा लहान करणे हे मराठी वाचकाला सतत करावे लागणार, आणि नेमके तेच काम पहिल्या पिढीला सर्वांत जड जात होते. दुसऱ्या पिढीत ठिपके तेवढेच राहिले, पण दोन बोटांची सोय झाल्यामुळे तेच पान वाचता येऊ लागले. पडद्याची स्पष्टता वाढवली नसतानाही वाचनीयता वाढते ती अशी.

आता देवनागरीचे. अँड्रॉइड 2.2 मध्ये देवनागरीची अंगभूत व्यवस्था नव्हती. वेगळा टंक घातला नाही तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन दिसत, आणि टंक घातला तरी प्रश्न सुटत नसे. देवनागरी नीट दिसण्यासाठी अक्षरांची चित्रे पुरत नाहीत. ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने नंतरची असली तरी लिहिताना आधी काढायची, अर्ध्या अक्षराला पुढच्याशी जोडायचे, रफार उचलून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर नेऊन ठेवायचा, हे सारे नियम जाणणारी जुळणी-यंत्रणा लागते. ती नसेल तर ‘किती’ मधली पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते आणि जोडाक्षरे पाय मोडून एकेकटी उभी राहतात. अँड्रॉइडमध्ये देवनागरी, बंगाली आणि तमिळ लिप्यांची अशी रचना, जोडाक्षरांसह, आली ती 4.0 या आवृत्तीत. आकाश-2 मध्ये 4.0 होती.

हा योगायोग मला फार बोलका वाटतो. भारतीय विद्यार्थ्यांसाठी म्हणून, भारत सरकारच्या पैशाने, भारतात निविदा काढून जे उपकरण घेतले गेले, त्याच्या पहिल्या पिढीच्या मूळ प्रणालीला या देशातल्या बहुसंख्य मुलांच्या शाळेची लिपी मांडता येत नव्हती, आणि दुसऱ्या पिढीत ती आली ती आपल्या आग्रहामुळे नव्हे, तर गूगलने तोवर पुढची आवृत्ती काढली होती म्हणून. त्या काळातल्या चर्चेत मेगाहर्ट्झ आणि डॉलर यांवर जेवढे बोलले गेले त्याच्या दशांशानेही याबद्दल बोलले गेल्याचे मला आठवत नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांतील परीक्षणे इंग्रजी संकेतस्थळे उघडून लिहिलेली असत. तेथे चौकोन दिसण्याचा प्रश्नच नव्हता.

प्रोसेसर आणि रॅमबद्दल लांबण लावत नाही. आकाश-2 मध्ये 1 गिगाहर्ट्झचा कॉर्टेक्स-ए8 जातीचा प्रोसेसर, 512 एमबी रॅम आणि 4 जीबी साठवण होती. घड्याळाचा वेग जवळजवळ तिप्पट झाला आणि प्रोसेसरची घडण एक पिढी पुढची असल्याने प्रत्यक्ष फरक त्याहून अधिक पडला. रॅम दुप्पट झाली, मात्र प्रणालीची भूकही वाढली, त्यामुळे तेथील लाभ अर्धा समजावा. एक गमतीची बाब सांगायला हवी. पहिल्या आकाशमध्ये चलचित्र उलगडण्यासाठी वेगळा सहप्रोसेसर होता. मुख्य प्रोसेसर धापा टाकत असला तरी योग्य स्वरूपातली चित्रफीत तो सुरळीत दाखवू शके. म्हणजे संकेतस्थळ उघडायला रडणारे यंत्र रेकॉर्ड केलेले व्याख्यान मात्र दाखवी. या एका गुणाभोवती पहिल्या पिढीचा वापर आखला असता, मेमरी कार्डावर व्याख्याने भरून ती महाविद्यालयांना दिली असती, तर कदाचित तिची एवढी शोभा झाली नसती. पण तिला सर्वकाही करणारा संगणक म्हणून पुढे केले गेले.

जोडणीच्या बाबतीत पहिली पिढी एका अर्थाने उदार होती. तिला पूर्ण आकाराचे दोन यूएसबी पोर्ट होते. आज सात इंचांच्या टॅबलेटवर असे पोर्ट पाहून विद्यार्थ्यांना हसू येते, पण 2011 च्या महाविद्यालयात पेनड्राइव्ह हेच दळणवळणाचे मुख्य साधन होते आणि संगणक-कक्षातला कोणताही कीबोर्ड सरळ खुपसता येणे ही सोय होती. आकाशमध्ये सिमकार्डाची जागा नव्हती, फक्त वाय-फाय होते, आणि ते तेव्हा किती महाविद्यालयांत धड चालत असे हे त्या काळी शिकलेल्यांना विचारा. डेटाविंडची खरी हातोटी वेगळ्याच गोष्टीत होती : संकेतस्थळाचे पान आधी स्वतःच्या सर्व्हरवर आणायचे, आवळायचे आणि मग टू-जीच्या अरुंद वाटेने ग्राहकाकडे पाठवायचे. खुल्या बाजारासाठी काढलेल्या ‘युबीस्लेट’मध्ये मोबाइलची जोडणी दिलेली असल्यामुळे तेथे हे तंत्र शोभून दिसे. सरकारी आवृत्तीत मात्र मोबाइलचे जाळे नाही आणि महाविद्यालयात वाय-फाय नाही, अशी दोन्हीकडून पंचाईत.

बॅटरीचा हिशेब शिकवण्यासाठी मला फार आवडतो. पहिल्या आकाशची बॅटरी 2,100 एमएएचची होती आणि ती सुमारे तीन तास चालेल असे सांगितले जाई. आकाश-2 ची बॅटरी 3,000 एमएएचची, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक मोठी. ती किती चालेल असे सांगितले गेले? सुमारे तीन तास. वाढलेली सगळी क्षमता वेगवान प्रोसेसरने खाल्ली. तीन तासांत महाविद्यालयाचा अर्धा दिवसही निघत नाही, आणि आपल्या साठ-सत्तर विद्यार्थ्यांच्या वर्गात प्लगच्या जागा असतात भिंतीवर दोन, त्यातली एक फळ्याजवळची. दप्तरात सतत बाळगायचे, घरी भारनियमन असेल तेथेही चालवायचे, अशा उपकरणाची बॅटरी दोन्ही पिढ्यांत तीन तासांवर अडकून राहिली, ही मला योजनेतली सर्वांत गंभीर उणीव वाटते. बॅटरी हा असा भाग आहे की ज्याच्या किमतीला चिपसारखी उतरती कळा लागत नाही. चिप तेरा महिन्यांत तिप्पट वेगवान होऊन त्याच भावात मिळते. तेवढ्याच पैशांत तिप्पट बॅटरी मिळत नाही. म्हणून स्वस्त टॅबलेटच्या नव्या पिढीत काय सुधारेल याचा अंदाज बांधायचा तर आधी सिलिकॉनचे भाग कोणते आणि रसायनाचे कोणते, ते वेगळे काढावे. हा आडाखा आजही बऱ्यापैकी लागू पडतो.

मग एवढे घडले कसे? याचे श्रेय दिल्लीतल्या कोणत्याही बैठकीपेक्षा चीनच्या दक्षिणेकडील कारखान्यांना अधिक जाते. 2011-12 च्या सुमारास झुहाई येथील ऑलविनरसारख्या कंपन्यांनी टॅबलेटसाठीच्या अतिशय स्वस्त चिप बाजारात आणल्या, त्यांच्याबरोबर तयार आराखडेही मिळू लागले, आणि शेन्झेनच्या परिसरातला कोणीही छोटा कारखानदार सात इंचांचा अँड्रॉइड टॅब बनवू लागला. आपल्याकडेही एप्रिल 2012 मध्ये मायक्रोमॅक्सचा ‘फनबुक’ 6,499 रुपयांना आला, त्यात 800 गुणिले 480 चा धारिता-पडदा, कॉर्टेक्स-ए8, 512 एमबी रॅम, 4 जीबी साठवण आणि अँड्रॉइड 4.0 होते. आकाश-2 च्या शेजारी हा तक्ता ठेवला तर दोन्ही जवळपास एकाच साच्यातून काढलेले वाटतात. दुकानातली किंमत आणि सरकारची घाऊक किंमत यांची थेट तुलना करणे बरोबर नाही. दुकानदाराचा नफा, कर, जाहिरात, वॉरंटी हे सारे फनबुकच्या किमतीत धरलेले होते. तरीही दुकानात साडेसहा हजारांना मिळणाऱ्या वर्गातली वस्तू विद्यार्थ्याला अनुदान वजा जाता 1,130 रुपयांत द्यायची योजना होती, हे आकाश-2 च्या बाजूने नोंदवायलाच हवे.

याच कारणावरून नोव्हेंबर 2012 च्या अखेरीस वाद पेटला. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आकाश-2 चे अनावरण होऊन काही दिवसच झाले होते आणि वृत्तपत्रांतून बातम्या आल्या की ही उपकरणे चिनी कारखान्यांकडून तयार घेतलेली आहेत. डेटाविंडचे प्रमुख सुनीत सिंग तुली यांनी, घाईपोटी पहिल्या दहा हजारांचे सुटे भाग चीनमध्ये बनवून घेतले, असा खुलासा केला. गंमत म्हणजे याच सुमारास, 28 नोव्हेंबरला, न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात सरचिटणीस बान की-मून यांच्या उपस्थितीत आकाश-2 दाखवला गेला. मला स्वतःला चिनी भागांच्या आक्षेपाचे तेव्हाही नवल वाटले नाही. त्या किमतीत, त्या वर्षी, चीनच्या पुरवठा-साखळीबाहेर असे उपकरण बनणे शक्य नव्हते, हे या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक होते. आक्षेप घ्यायचा तर तो ‘स्वदेशी’ म्हणून ढोल वाजवण्यावर घ्यायला हवा होता.

दोन पिढ्यांमध्ये आणखी एक बदल झाला आणि तो यंत्राच्या पोटात दिसत नाही. पहिल्या आकाशच्या चाचण्यांवरून राजस्थान आयआयटी आणि डेटाविंड यांच्यात बिनसले. लष्करी सामानासारखे कडक निकष लावले जात आहेत, अशी कंपनीची तक्रार होती. 2012 मध्ये प्रकल्प मुंबईच्या, म्हणजे पवईच्या, आयआयटीकडे आला आणि प्राध्यापक दीपक फाटक यांच्या पुढाकाराने त्याची दिशा पालटली. उपकरण कसे आहे यापेक्षा त्यावर काय चालेल, हा प्रश्न तेथे आधी विचारला गेला. आकाशवर सी, सी++, पायथन आणि सायलॅब या भाषांतले कार्यक्रम लिहून चालवता येतील अशी अ‍ॅप तयार झाली. 10 आणि 11 नोव्हेंबर 2012 रोजी देशभरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील प्राध्यापकांसाठी कार्यशाळा झाली. पवईहून व्याख्यान आणि दूरस्थ केंद्रांवर प्राध्यापक, मधे अमृता विद्यापीठाने तयार केलेली ‘ए-व्ह्यू’ ही प्रणाली. साडेतीनशे ग्रॅमच्या वस्तूवर पायथनचा कार्यक्रम चालवून उत्तर पाहणे, हे त्या वेळच्या आमच्यासारख्या शिक्षकांना नवे होते. पडद्यावरच्या कळफलकावर कंस आणि अर्धविराम शोधताना जीव मेटाकुटीला येई, हेही तितकेच खरे. अंशतः अशा कामासाठी, दोन पूर्ण यूएसबी असलेली पहिली पिढी कीबोर्ड लावून बरी, असा विचार कधी कधी मनात येई. पण मग तिचा प्रोसेसर आठवे.

दुसऱ्या पिढीचे खरे दुर्दैव वेळेचे. 2011 च्या शेवटी डेटाविंडने युबीस्लेटची नोंदणी सुरू केली तेव्हा लाखोंनी मागण्या आल्या. पहिल्या आकाशवरचे लोकांचे प्रेम हे मुळात किमतीवरचे प्रेम होते. उपकरण हातात पडले, परीक्षणे आली, आणि पहिल्याच घासाला खडा लागल्यावर ताट बाजूला सारावे तसे लोकांनी त्या नावाकडेच पाठ फिरवली. वर्षभराने त्याच नावापुढे 2 लावून चांगली वस्तू आली, तोवर दुकानांत स्वस्त टॅबची रांग लागलेली होती. मला राहून राहून वाटते की 2011 चे अनावरण केले नसते आणि आकाश-2 लाच ‘आकाश’ म्हणून पुढे आणले असते, तर या प्रकल्पाबद्दलचे जनमत बरेच निराळे झाले असते. तेरा महिने थांबण्याची किंमत शून्य होती. उलट त्याच पैशांत पडदा, प्रोसेसर, रॅम आणि देवनागरी, चारही गोष्टी पदरात पडत होत्या. राजकारणाला तेरा महिने थांबणे जमत नाही, हा भाग वेगळा.

यावर एक प्रतिवाद होऊ शकतो आणि तो मी हलका मानत नाही. 35 डॉलर हा आकडा 2010 मध्ये एका देशाच्या मंत्र्याने जाहीरपणे उच्चारला नसता, तर स्वस्त टॅबलेट हा विषय आपल्याकडे एवढ्या लवकर ऐरणीवर आला असता का? पहिल्या आकाशने बाजाराला किंमत दाखवली, आणि मग बाजाराने त्या किमतीत जमेल ते करून दाखवले, असे म्हणणारे माझे सहकारी आहेत. मला हे अर्धेच पटते. चिप स्वस्त झाल्या त्या आपल्या मंत्रालयामुळे नव्हेत. परंतु डेटाविंडने 2013 च्या अखेरीस आकाश-2 च्या जातकुळीतलाच युबीस्लेट इंग्लंडमध्ये 30 पौंडांना विकायला काढला, हे पाहता एवढ्या कमी नफ्यात टॅबलेट विकण्याची सवय कंपनीला या सरकारी निविदेने लावली, असे म्हणता येईल.

पुढच्या पिढीचे आराखडे 2013 मध्ये तयार झाले होते. त्यांत रॅम 1 जीबीपर्यंत नेण्याचा आणि ब्लूटूथचा समावेश होता. पण तोवर मंत्री बदलले होते; पल्लम राजू यांनी यंत्रसामग्रीतच अडकून पडू नये अशा अर्थाचे विधान केले आणि उत्साह ओसरला. पवईच्या आयआयटीकडील आकाश प्रकल्प एक लाख टॅबलेटची खरेदी झाल्यावर 31 मार्च 2015 रोजी बंद झाला.

आज या दोन्ही यंत्रांवर इंटरनेट चालवण्याचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. अँड्रॉइड 4.0 च्या मूळ ब्राउझरला सुरक्षित जोडणीची टीएलएस 1.2 ही आवृत्ती येत नाही आणि आजची बहुसंख्य संकेतस्थळे त्याखालची जोडणी स्वीकारत नाहीत, म्हणजे 2.2 आणि 4.0 यांतला एवढा मोठा फरक या एका बाबतीत पुसला गेला आहे. मेमरी कार्डावरचे मात्र सारे चालते. पवईतूनच चालणाऱ्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे पाठ मराठी आवाजातही उपलब्ध आहेत, आणि ते उतरवून कार्डावर घातले तर आकाश-2 वर पाहता येतात. कुणाच्या महाविद्यालयाच्या कपाटात हे टॅबलेट पडून असतील तर भंगारात देण्यापूर्वी एवढे करून पाहावे. आधी बॅटरी फुगलेली नाही ना, हे मात्र पाठीमागचे झाकण चाचपून तपासावे, आणि फुगलेली असेल तर चार्जर अजिबात लावू नये.